हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी : दोन रानांच्या प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर

विषय पक्का झाला. बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, शेवटचं वर्ष. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करून रोपाला हवेतलं नत्र पकडून देणारे जिवाणू (रायझोबियम) बियाण्याला लावले तर कुठल्या रानात उपयोग होतो आणि कुठल्या रानात होत नाही, हे पाहायचं. मॅडमना आधी विषय जुना वाटला. "रायझोबियमवर दरवर्षी कुणीतरी करतंच," म्हणाल्या. मी म्हटलं, करतात ते एकाच मातीवर. मला दोन वेगळ्या सवयीची रानं मिळताहेत. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि पट्ट्यांची आखणी तिथेच सुरू झाली.

रानं काकांची, लातूर जिल्ह्यातली, दोन्ही काळी भारी. पहिल्यात कितीतरी वर्षं खरिपाला सोयाबीन, रब्बीला हरभरा. दुसऱ्यात ऊस : लागण, खोडवा, पुन्हा लागण. उन्हाळ्यात काकांनी खोडवा मोडला आणि खरीपभर रान पडीक ठेवलं. काकांच्या आठवणीत तिथे हरभरा कधीच झालेला नाही. नोंदींमध्ये पहिल्याला 'सोयाबीनचं रान' आणि दुसऱ्याला 'उसाचं रान' म्हणणार आहे.

११ ऑक्टोबर

दोन्ही रानांतून वीत-वीतभर खोलीची माती आणली. कुदळ आणि पिशव्या प्रत्येक रानाच्या वेगळ्या. एका रानाची चिमूटभर माती दुसरीत गेली तरी पुढचं सगळं वाया, कारण त्या चिमटीत कोट्यवधी जिवाणू असतात.

उकळत्या पाण्याने धुतलेल्या कुंड्यांत माती भरली. हरभऱ्याचं बी आधी अल्कोहोलमध्ये काही सेकंद, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तीन मिनिटं आणि नंतर निर्जंतुक पाण्याने पुनःपुन्हा धुऊन लावलं. म्हणजे बियावर काही नाही. गाठी आल्याच तर त्या मातीतल्या जिवाणूंच्या. हरभऱ्याचं रोपच इथे सापळ्याचं काम करतं. मातीतल्या असंख्य जिवाणूंमधून हे नेमके जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाहीत, पण रोप त्यांना ओळखतं. मुळं फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं सोडतात, योग्य जिवाणू त्यांना रासायनिक उत्तर देतात आणि त्या उत्तराने मुळाचा बारीक केस वळतो. त्या वळणातून जिवाणू धाग्यासारख्या एका नळीतून आत जातात. चुकीचा जिवाणू दारातच अडतो. हरभरा या बाबतीत फार काटेकोर आहे. त्याला मेसोरायझोबियम गटातलेच जिवाणू चालतात.

१४ ऑक्टोबर

तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात कल्चरचं, म्हणजे बियाण्याला लावायच्या जिवंत जिवाणूंचं पाकीट मागितलं. दुकानदारांनी सोयाबीनचं काढून दिलं. "कल्चर सगळं एकच असतं, ताई." नसतं. सोयाबीनचे जिवाणू ब्रॅडीरायझोबियम गटातले. हरभऱ्याच्या मुळांना त्यांचा काही उपयोग नाही. हे तिथे समजावून सांगितलं, त्यांनी ऐकूनही घेतलं आणि मागच्या फळीवरून हरभऱ्याचं एक पाकीट शोधून दिलं. ते पत्र्याच्या भिंतीला लागून, दुपारच्या उन्हात असावं. हाताला गरम लागत होतं. मुदत संपलेली नव्हती.

पेरणीसाठी मात्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून द्रवरूप कल्चरची बाटली आणवली. काकांच्या ओळखीचे एक जण येत होते, त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. घरी माठाच्या तिवईखाली, सावलीत ठेवली आहे. फ्रीझरमध्ये नाही.

१६ ऑक्टोबर

पाकीट आणि बाटली, दोन्हीतल्या जिवंत पेशी मोजायला घेतल्या. सरकारी मानकाप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात आणि द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी. पायरीपायरीने दहापट पातळ करत गेले आणि यीस्ट अर्क-मॅनिटॉल-अगार या जिवाणू वाढवायच्या माध्यमाच्या थाळ्यांवर पसरलं. माध्यमात काँगो रेड रंग घातला आहे. रायझोबियमच्या वसाहती हा रंग फारसा उचलत नाहीत. पांढऱ्या, चकचकीत, थोड्या उंचवट्याच्या दिसतात. भेसळ करणारे बरेच जिवाणू लाल होतात. थाळ्या काळ्या कागदात गुंडाळून ठेवल्या, कारण उजेडात रायझोबियमही रंग उचलायला लागतं आणि मग ओळख पुसते.

२१ ऑक्टोबर

बाटली मानकात बसली. पाकिटात मात्र हजारांच्या घरातच पेशी निघाल्या आणि थाळीवर लाल ठिपक्यांची गर्दी. म्हणजे पाकीट विकत घेणाऱ्या शेतकऱ्याने सगळं नीट केलं असतं तरी बियाण्याला लागली असती ती बहुतेक नुसती कोळशाची भुकटी, जिच्यात जिवाणू मिसळून पाकीट भरतात ती. मग तो म्हणणार, कल्चर लावून बघितलं, काही होत नाही. आमच्या भागात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. खताची गोणी वर्षभर खोलीत पडली तरी नत्र नत्रच राहतं. कल्चरच्या पाकिटात जीव असतो. त्याला ऊन लागतं, तो मरतो आणि मेलेलं पाकीट बाहेरून अगदी तसंच दिसतं. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं आणि मुदतीच्या तारखेशेजारी 'सावलीत ठेवा' हे मोठ्या अक्षरात छापायला हवं.

एका थाळीवर कडेला खडूसारखी कोरडी, पांढुरकी वसाहत उगवली होती. झाकण उघडलं तर पहिल्या पावसाचा वास. हे स्ट्रेप्टोमायसिस गटातले मातीतले जिवाणू असणार. तो वास ते जे जिओस्मिन तयार करतात त्याचा. याच गटातल्या एका जिवाणूपासून १९४३ साली अल्बर्ट शात्झ यांनी सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं आणि क्षयावर पहिलं परिणामकारक प्रतिजैविक हाती आलं. आजीच्या थोरल्या बहिणीचा क्षय त्याच इंजेक्शनांनी बरा झाला होता, हे आजीने घरी सांगितलं. माझ्या प्रकल्पात ती वसाहत भेसळच, पण टाकून देताना वाईट वाटलं.

२८ ऑक्टोबर : पेरणी

पहाटेच बीजप्रक्रिया. आधी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, मर रोगासाठी, किलोला ५ ग्रॅम. रासायनिक बुरशीनाशक मुद्दाम टाळलं. मग रायझोबियम, किलोला १० मिलि. हाताने हलकं चोळून बी सावलीत गोणपाटावर पसरलं. काका बघत होते. म्हणाले, "म्हणजे दुधाला विरजण लावल्यासारखंच की." हो, आणि विरजणासारखंच, आधी भांड्यात काय आहे यावर पुढचं ठरतं.

हिशेब केला : एका मिलिलिटरमध्ये १० कोटी धरले तर किलोभर बियाण्याला १०० कोटी पेशी. किलोत साधारण ५ हजार दाणे. दाण्यामागे २ लाख. त्यातले बरेच सुकून आणि घासून जातील, म्हणून बी सुकलं की लगेच पेरायचं.

प्रत्येक रानात तीन प्रकारचे पट्टे, प्रत्येक प्रकार आलटून पालटून तीनदा : बिनकल्चरचा, कल्चरचा, आणि कल्चर अधिक युरियाचा. पाभरीने बिनकल्चरचे पट्टे आधी पेरले, कारण चाड्याला आणि नळ्यांना कल्चर लागलं की ते पुढच्या पट्ट्यात जाणारच. अंतर ३० बाय १० सेंटिमीटर. एकरी एक गोणी डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) सगळ्यांना.

युरियावरून काकांशी बोलणं झालं. ते एरवी हरभऱ्याला डीएपी देतात आणि वर एकरी एक गोणी युरिया फेकतात. मी आकडे मांडले. हरभऱ्याला शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरदाची, म्हणजे एकरी १० आणि २०. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद येतंच. त्यावर युरियाची ४५ किलोची गोणी म्हणजे आणखी २० किलोंहून जास्त नत्र. काका म्हणाले, "जास्त झालं तर पिकाचं बिघडतंय कुठं?" तेच बघायला तिसरा पट्टा.

५ नोव्हेंबर

उगवण दोन्हीकडे चांगली. उसाच्या रानात दोन ओळींत नांगे (रिकाम्या जागा) पडले, ते भरले नाहीत.

८ नोव्हेंबर : कुंड्या फोडल्या

सोयाबीनच्या रानातल्या मातीत प्रत्येक रोपाला गाठी. बाहेरून एकही जिवाणू न देता. उसाच्या रानातल्या मातीत बहुतेक रोपांची मुळं स्वच्छ, एखाद्यावर एखादी बारीक गाठ.

मॅडमना फोटो पाठवले. त्यांचा फोन आला, "तुझ्या प्रकल्पाचं उत्तर यातच आहे, आता रानात ते खरं ठरतंय का बघ." मलाही तसंच वाटतं. वर्षानुवर्षं हरभरा घेतलेल्या मातीत हे जिवाणू वस्तीला असतात. पीक निघालं की गाठी कुजतात, जिवाणू मातीत परततात आणि पुढच्या रब्बीची वाट बघत राहतात. जिथे यजमानच कधी आला नाही तिथे वस्ती तरी कुठून होणार?

२० नोव्हेंबर

पहिली उकरणी. रोप उपटायचं नाही. उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात आणि मोजणी खोटी पडते. रोपाभोवती चौकोनी ढेकूळ कापून काढायचं, बादलीत भिजत ठेवायचं, माती आपोआप सुटू द्यायची. काळ्या मातीला वेळ लागतो. बांधावर बसून राहिले.

गाठी अजून ज्वारीच्या कण्यांएवढ्या. सोयाबीनच्या रानात सगळीकडे सुरुवात झालेली. उसाच्या रानात फक्त कल्चरच्या पट्ट्यात. युरियाच्या पट्ट्यांत पानं सगळ्यांत हिरवीगार, काका खूश.

१२ डिसेंबर

पीक फुलोऱ्यात, म्हणून आजची उकरणी मुख्य. मॅडम स्वतः आल्या.

सोयाबीनचं रान : कल्चर लावलेल्या आणि न लावलेल्या पट्ट्यांतल्या रोपांची मुळं शेजारी शेजारी ठेवली तर कुठली कुठल्या पट्ट्यातली ते सांगता येईना. गाठी टपोऱ्या, फाटे फुटलेल्या. सोयाबीनच्या गाठी गोल मण्यासारख्या असतात आणि ठरावीक आकाराला थांबतात. हरभऱ्याच्या टोकाकडून वाढत राहतात, म्हणून त्यांना असे फाटे येतात.

उसाचं रान : बिनकल्चरच्या पट्ट्यात रोपं फिकी, खालची पानं पिवळी, मुळांवर गाठी क्वचित. कल्चरच्या पट्ट्यात बहुतेक गाठी मुख्य मुळावर, वरच्या भागात, अगदी बियाण्याच्या जागेजवळ. म्हणजे बियाण्यावरून आलेल्या जिवाणूंच्याच.

युरियाच्या पट्ट्यांत, दोन्ही रानांत, गाठी कमी आणि लहान. पाला मात्र दाट. रोपाला मातीतून आयतं नत्र मिळालं की ते जिवाणूंना घरात घेत नाही. घेतलं तरी पोसत नाही. यात रोपाचा हिशेब चोख आहे, कारण गाठ पोसणं महाग. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू इतके घट्ट जोडलेले की ते तोडायला जिवाणूंच्या नायट्रोजिनेज या विकराला एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, १६ रेणू खर्चावे लागतात. ती सगळी ऊर्जा रोपाच्या साखरेतून येते. हेच काम अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात नैसर्गिक वायू वापरून होतं. अशा कारखान्यांत ४००-५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो. इथे ते डिसेंबरच्या थंडीत, ओल्या मातीत चाललं आहे.

काकांसमोर ब्लेडने गाठ उभी चिरली. आत गुलाबी. "रक्त आहे काय?" त्यांनी विचारलं. जवळचंच नातं आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच लोह असलेलं प्रथिन. १९३९ साली जपानमध्ये कुबो यांनी ते ओळखलं. नायट्रोजिनेज ऑक्सिजनने कायमचं निकामी होतं, पण जिवाणूंना श्वसनाला ऑक्सिजन तर हवाच. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंना मोजून मापून पोचवतं. म्हणून गुलाबी गाठ कामाची आणि आतून पांढरी गाठ नुसती खाणारी. गाठी मोजून भागत नाही, चिरून बघाव्याच लागतात. काकांनी खिशातून चाकू काढला आणि युरियाच्या पट्ट्यातल्या गाठी स्वतः चिरून बघत बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यंदाची गोणी वाया गेली म्हणायची."

१५ डिसेंबर

प्रयोगशाळेत. गाठ चिरडून काचपट्टीवर पसरली, ग्रॅम रंजन (रंगावरून जिवाणूंचे दोन गट ओळखायची पद्धत) केलं. गुलाबी पेशी, म्हणजे ग्रॅम-ऋण. पण माध्यमावर सरळ दांडीसारखे दिसणारे हे जिवाणू गाठीच्या आत फुगलेले, वेडेवाकडे. रोपाच्या पेशीत शिरल्यावर त्यांचं रूपच बदलतं आणि सगळा जोर नत्र पकडण्याकडे वळतो.

गाठीतून शुद्ध संवर्धन, म्हणजे एकाच प्रकारच्या जिवाणूंची वाढ, मिळवायला थाळ्या लावल्या. गाठीची बाहेरची साल निर्जंतुक केली आहे. शेवटचं धुतलेलं पाणीही एका थाळीवर पसरलं, म्हणजे बाहेरचं काही उरलं असेल तर कळेल.

२३ डिसेंबर

धुतलेल्या पाण्याच्या थाळीवर काही नाही. गाठीच्या थाळ्यांवर पांढऱ्या, ओलसर, चकचकीत वसाहती. मात्र एवढ्यावरून ते हरभऱ्याचं रायझोबियम ठरत नाही. पुन्हा रोपावर गाठी आणून दाखवल्या तरच. निर्जंतुक वाळू, नत्र सोडून बाकी सगळी पोषकद्रव्यं असलेलं द्रावण, काचेच्या बरण्या. निम्म्या बरण्यांत माझे जिवाणू, निम्म्यांत काही नाही.

हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीही निर्जंतुक वाळूतच वाटाण्याची रोपं वाढवली होती. नुसत्या वाळूत रोपं उपाशी राहिली. त्यात चांगल्या शेतमातीचा थोडा अर्क घातला की तरारली. १८८६ साली बर्लिनमध्ये त्यांनी हे मांडलं. १८८८ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला बायरिंक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी गाठीतले जिवाणू वेगळे करून वाढवले. शेतकऱ्यांना याचा परिणाम त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. आमच्याकडे हरभऱ्याचा बेवड (त्याच्यामागून येणाऱ्या पिकाला मिळणारी जमीन) चांगला, हे सांगायला कुणाला प्रयोगशाळा लागली नाही.

४ जानेवारी

आजी पहाटे पांढरं फडकं घेऊन उसाच्या रानात गेली आणि दहिवराने भिजलेल्या हरभऱ्यावरून फिरवून आंब पिळून आणली. दरवर्षी ठेवते, पोटदुखीला. पानांवरचं ते आंबट मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांमुळे. घाटेअळी दिसू लागली आहे. पक्षी बसायला काकांनी तुऱ्हाट्या रोवल्या.

१८ जानेवारी

घाटे भरताहेत. गाठी चिरल्या तर आतला गुलाबी रंग जाऊन हिरवट-तपकिरी झालेला. रोप आता साखर दाण्यांकडे पाठवतं, गाठींची उपासमार होते. कल्चरचा परिणाम बघायला कुणी या दिवसांत उकरेल तर त्याला वाटेल काहीच झालं नाही. उकरायचं ते फुलोऱ्यात.

२५ जानेवारी

बरण्या उघडल्या. जिवाणू दिलेल्या रोपांना गाठी, पानं हिरवी. न दिलेली पिवळी, खुरटी, मुळं स्वच्छ. संवर्धन खरं ठरलं.

१२ फेब्रुवारी : काढणी

पट्ट्यापट्ट्याची मळणी वेगळी, वजनं वेगळी. सविस्तर आकडे अहवालाच्या तक्त्यात. थोडक्यात : सोयाबीनच्या रानात कल्चरने वजनात फरक पडला नाही. उसाच्या रानात कल्चरचे तिन्ही पट्टे बिनकल्चरच्यांपेक्षा ठळकपणे सरस. युरियाच्या पट्ट्यांत काड वाढलं, दाणा नाही.

मॅडमनी एक प्रश्न अहवालात घ्यायला सांगितला : हरभरा जमिनीला नत्र 'देतो' म्हणतात ते कितपत खरं? दाण्यात साधारण २० टक्के प्रथिनं धरली तर १० क्विंटल हरभऱ्यासोबत ३२ किलो नत्र रानाबाहेर जातं. जवळपास ७० किलो युरियातलं. म्हणजे पकडलेल्या नत्राचा मोठा हिस्सा पोत्यात भरून बाजारात आणि तिथून आपल्या ताटात जातो. मातीत राहतं ते मुळांतलं, गाठींतलं, गळलेल्या पाल्यातलं. शिवाय हरभऱ्याने स्वतःसाठी मातीतून कमी उचललेलं असतं. बेवड चांगला असतो तो या सगळ्याने मिळून. हरभरा म्हणजे खताचा कारखाना, असं सरसकट लिहायला मी तयार नाही.

काकांनी या वेळी उपटणी न करता विळ्याने कापणी केली, मुळं रानातच.

२० फेब्रुवारी

अहवाल बांधायला दिला. संवर्धन अगारच्या तिरप्या नळ्यांत, महाविद्यालयाच्या फ्रिजमध्ये. पुढच्या तुकडीला वापरता येईल.

संध्याकाळी काकांचा फोन. सोयाबीनच्या रानात पुढच्या रब्बीला कल्चर नाही लावलं तर चालेल का? यंदाचं बघता चालेल. मात्र मध्ये दोन-चार वर्षं हरभरा सुटला तर पुन्हा लावा. आणि उसाच्या रानात जूनमध्ये तूर घ्यायची आहे, तिला हेच जिवाणू चालतील का? नाही चालणार, तुरीचे ब्रॅडीरायझोबियम गटातले, वेगळे. परभणीहून तुरीची बाटली मेअखेरीला मागवायची; कोण येणार आहे ते काका विचारून ठेवताहेत.